नांदुरकीला पाणी कोणी घातलं?

"झाडाला आज पाणी दिलेलं आहे," खिडकीशेजारच्या यंत्रातून सोबत म्हणाली.

शरयूचा हात कुंडीवर तसाच थांबला. हातात भरलेली पितळी झारी होती. ती आत्ताच उठली होती आणि चूळ भरून सरळ खिडकीशी आली होती. मग पाणी घातलं कधी?

"कधी दिलं?" तिने विचारलं.

"आज पहाटे."

तिने मातीत बोट खुपसून पाहिलं. माती ओली होती, आणि नुसती वरवर नव्हे, बोटभर आतपर्यंत. यंत्राचं काहीतरी चुकलं असेल असं म्हणावं, तर माती काही यंत्राने भिजवली नव्हती.

"काय झालं गं?" आतल्या खोलीतून गोदाताईने विचारलं.

"काही नाही. चहा टाकते."

दोघी सख्ख्या बहिणी. वडिलांनी मुलींना नद्यांची नावं दिली होती, थोरली गोदावरी आणि धाकटी शरयू. नागपुरात खामल्याच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्या दोघीच राहत. गोदाताई बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा हर्षल नोकरीसाठी पुण्यात. संधिवाताने आधी तिचे गुडघे नेले आणि मग मधुमेहाने हळूहळू दोन्ही डोळे. शरयूने लग्न केलं नव्हतं. ती जिल्हा न्यायालयात लघुलेखक होती. साक्षीदार जे बोलला ते, जसं बोलला तसं, कानामात्रेचा फरक न करता उतरवून घेण्यात तिची सगळी नोकरी गेली. आपल्याला गोष्टी आठवतात याचा तिला कधी अभिमान वाटला नाही, कारण आपण श्वास घेतो याचाही कोणाला अभिमान वाटत नाही.

नांदुरकी गोदाताईची. वडाच्या कुळातलं हे झाड एरवी रस्त्याकडेला चार माणसांच्या कवेत न मावण्याएवढं वाढतं. गोदाताईने त्याला वीस-बावीस वर्षं तारा बांधून, फांद्या छाटून, पसरट कुंडीत हातभर उंचीचं ठेवलं होतं. खोड जुन्या वडासारखंच गाठीगाठींचं, पानं मात्र नखाएवढी. दृष्टी गेल्यावर ती रोज दुपारी शरयूच्या आधाराने खिडकीशी येऊन बसायची आणि बोटांनी एकेक फांदी चाचपायची. पाणी घालायचं काम मात्र शरयूकडे आलं होतं, कारण चुकून जास्त पडलं तर मुळं कुजतात आणि कमी पडलं तर दोन दिवसांत पानं झडतात. उन्हाळ्यात एक दिवसाआड, सकाळी, तळातून थेंब येईपर्यंत.

आणि सोबत ही त्या घरातली तिसरी. तोवर ती एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या पुष्कळ घरांत आली होती. घरात कॅमेरे लावून घ्यायला लोकांनी साफ नकार दिला, तेव्हा बनवणाऱ्यांनी एक वेगळी वाट काढली. माणसावर नजर ठेवायची नाही, फक्त वस्तूंवर ठेवायची. गॅसचं बटण, फ्रिजचं दार, औषधाची पेटी, कुंडीतली माती. विसराळूपणाचा आजार मेंदूत शिरतो तेव्हा तपासणीत दिसायच्या कितीतरी आधी तो रोजच्या कामांत दिसतो, हे संशोधकांना कळलं होतं. माणूस एखादं काम करायचं विसरतो, त्याचं एवढं नाही. पण केलेलं काम केलं हेच विसरून पुन्हा करायला लागला, की ती धोक्याची खूण. त्यासाठी झाडाला पाणी घालण्यासारखी दुसरी कसोटी नाही. भांडी घासलेली दिसतात, केर काढलेला दिसतो. पाणी घातलं की नाही हे मात्र दुरून पाहून कळत नाही, ते आठवावंच लागतं. म्हणून कुंडीत एक बारीक काडी खोचलेली असे. मातीतली ओल वाढली की काडी सोबतला कळवायची, आणि सोबत नोंद करायची, पाणी दिलं. घरातल्या कुंडीवर पाऊस पडत नाही. पाणी येणार ते माणसाच्या हातानेच.

या सगळ्या कामांवरून सोबत घरातल्या माणसाचं भान मोजायची आणि यंत्राच्या कडेला एक दिवा लावायची. शरयूचा दिवा कायम हिरवा होता. तो हिरवा असण्याला कारणही तसंच होतं. गोदाताईला रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागायचं. अंगाला चिकटवायचा पंप दोनदा लावून पाहिला, दोन्ही वेळा त्याखालची कातडी चिघळली. तेव्हा जुनं सुईचं पेनच बरं ठरलं. पेन सोबतच्या पेटीत राहायचं, आणि पेटी शरयूच्या बोटाच्या ठशाने उघडायची.

त्या सकाळचा प्रकार शरयूने मनावर घेतला नाही. आदल्या वेळचं पाणी असेल, उकाड्यातही कधी माती धरून ठेवते. पण एक दिवस मध्ये गेला आणि सोबत पुन्हा तेच म्हणाली. आज पहाटे पाणी दिलेलं आहे. मग आणखी एकदा.

चौथ्या वेळेला दिवा पिवळा झाला, आणि दुपारी हर्षलचा फोन आला.

"मावशी, तब्येत ठीक आहे ना तुझी?"

"मला काय झालंय?"

"नाही, सोबतचा निरोप आला. म्हणजे, घाबरण्यासारखं काही नाही म्हणतात. तू पहाटे उठतेस का?"

"मी साडेसहाला उठते. आयुष्यभर साडेसहाला उठते."

"झोपेत उठत असशील कदाचित. माठातलं पाणी घेऊन घालत असशील. बऱ्याच लोकांना होतं असं." तो अगदी जपून बोलत होता, आजारी माणसाशी बोलावं तसं.

तिने मग स्वतःचीच परीक्षा घ्यायचं ठरवलं. झारी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली गोदाताईला दिली. सकाळी उठून पहिल्यांदा मातीत बोट घातलं. माती ओली होती. ती तशीच गोदाताईच्या पलंगाशी गेली.

"किल्ली कुठे आहे?"

गोदाताईने उशीखालून काढून दाखवली. "माझ्या डोक्याखाली होती, शरू. तू आली नाहीस."

"झारीच कशाला लागते? मी पेल्याने घातलं असेल."

"तू उठलीस तर मला कळत नाही का? तुझा डावा गुडघा वाजतो. मोरीपर्यंत गेलीस तरी मी ऐकते."

"तू झोपेची गोळी घेतेस ताई."

"अर्धी घेते."

"कोर्टात तुझी साक्ष टिकणार नाही. नात्यातली बाई, डोळ्यांनी न पाहिलेलं सांगते, वर गोळी घेतलेली."

"मग कोर्टात काऊन जाऊन राहिलीस? घरात बस ना," गोदाताई म्हणाली. पण शरयू हसली नाही. माती ओली होती हा पुरावा होता. दाराला आतून कडी होती आणि घरात आधाराशिवाय चालू शकणारं माणूस एकच होतं. याहून कमी पुराव्यावर लोकांना शिक्षा झालेली तिने स्वतःच्या हाताने लिहिली होती.

स्मृतिदवाखान्यातल्या डॉक्टर रुबीना शेख वयाने लहान होत्या, पण घाई करत नव्हत्या. त्यांनी शरयूला चित्रं दाखवली, शब्द सांगितले, घड्याळ काढायला लावलं, आकडे उलटे म्हणायला लावले. एरवी जे आकडे तिने झोपेतही म्हटले असते ते जिभेवर येता येता अडखळले.

"तुमचा निकाल अगदी सीमेवर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आणि खरं सांगू का, घाबरलेलं माणूस या परीक्षेत चुकतंच. एवढाच कागद समोर असता तर मी म्हटलं असतं, सहा महिन्यांनी या, तोवर मजेत राहा. पण सोबतकडची नोंद बघता तसं म्हणणं मला धाडसाचं वाटतं."

"मला एकच सांगा डॉक्टर. जी बाई झाडाला पाणी घालून विसरते, ती इन्सुलिन देऊन विसरू शकते का?"

डॉक्टरांनी उलट विचारलं, "पेनवर दिलेला डोस दिसतो ना?"

"दिसतो. पण आपण विसरलो हेच ज्याला आठवत नाही, तो पेन कशाला बघेल?"

"शकते," डॉक्टर म्हणाल्या. "तसं होऊ शकतं."

दुसऱ्यांदा दिलेलं इन्सुलिन म्हणजे काय, हे शरयूला सांगायची गरज नव्हती. साखर उतरून गोदाताईला एकदा घाम फुटला होता, जीभ जड झाली होती, ते तिने पाहिलं होतं. ती वेळ साखरपाण्यावर निभावली. झोपेत असती तर निभावली नसती.

घरी येऊन तिने चपला काढल्या आणि तशाच उभ्याने हर्षलला फोन लावला. पिवळ्या दिव्याला पेटी बंद होत नसे. निर्णय घरच्यांवर सोडलेला असे.

"हर्षल, पेटीवरून माझं बोट काढून टाक."

"मावशी, एवढी घाई नको ना. मी बघतो काय ते. आईशी बोलू, तुझ्याशी नीट बोलू."

"संध्याकाळच्या इंजेक्शनला माणूस पाठव आणि माझं बोट काढून टाक. तुझी आई आहे ती."

मग तो "बरं" म्हणाला.

त्या संध्याकाळपासून रोज दोन्ही वेळा परिचारिका यायला लागली. मुलगी नीटस होती, कामात चोख होती. ती आली की शरयू स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसायची. घरातल्या बाकीच्या गोष्टीही मग बदलत गेल्या. ती सकाळी गोदाताईला पेपर वाचून दाखवायची ते बंद झालं, कारण एकच बातमी आपण दोनदा वाचली तर, अशी तिला धास्ती. भाजीत मीठ टाकलं की ती गोदाताईला मोठ्याने सांगायची. "मी हे मघाशी बोलले का?" असं प्रत्येक दोन वाक्यांनंतर विचारायची. गोदाताई आधी समजावत राहिली, मग चिडली, मग गप्प झाली. साठ वर्षांत ज्या दोघींमध्ये कधी शब्दांची टंचाई पडली नव्हती त्या जेवताना ताटांकडे तोंड करून बसायला लागल्या. रात्री शरयू स्वतःचं मनगट जुन्या ओढणीने पलंगाला बांधून झोपायची. म्हणजे झोपायची असं नाही, पडून राहायची. सकाळी गाठ जशीच्या तशी असायची, आणि तरी दिवसाआड माती ओलीच. आपण गाठ सोडतो, पाणी घालतो आणि पुन्हा तशीच गाठ मारतो, असं तिने स्वतःला पटवलं होतं. माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडाला की त्याला काहीही पटतं.

शेवटी पुण्याला हर्षलच्या घराजवळ एक चांगलं निवास आहे, तिथे गोदाताईची सोय करायची असं ठरलं. ठरवलं शरयूनेच.

"मला विचारलं कोणी?" गोदाताई म्हणाली.

"तुला विचारलं तर तू नाहीच म्हणशील."

"हो, म्हणेन. आंधळी आहे मी, मुकी नाही. मला तुझ्या हातचं मरण आलं तरी चालेल शरू, मला त्या पुण्याच्या खोलीत परक्याच्या हातचं जगणं नको."

"मला नाही ना चालणार ताई," शरयू म्हणाली. "तुला चालेल गं. मागे मी राहीन ना."

गोदाताईने फक्त जाताना नांदुरकी माझ्याबरोबर येईल एवढं बजावलं.

हर्षल शनिवारी सकाळी आला. उंच, टक्कल पडायला लागलेला, आईचं नाक घेतलेला. आल्या आल्या त्याने मावशीला जवळ घेतलं, आणि ती किती वाळली आहे ते त्याला हाताला कळलं. दिवसभर दोघांनी मिळून गोदाताईचे कपडे भरले, औषधं भरली. गोदाताई हॉलमध्ये खुर्चीत सरळ बसून होती. बाहेर उन्हाचा नुसता जाळ होता आणि खिडकीतला कूलर घरघरत होता. नागपुरात उन्हाळ्यात त्या आवाजाशिवाय घर घर वाटत नाही. मोठा लोखंडी डबा, तीन बाजूंना गवताच्या ओल्या ताट्या, तळाशी टाकी. पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांतून झिरपतं आणि पंखा गार हवा आत फेकतो. पूर्वी पाऊस सुरू झाला की कूलर काढून माळ्यावर जायचा. आता दोघींच्यात तो उचलायचं बळ नव्हतं म्हणून तो मागच्या वर्षीपासून खिडकीतच होता. त्याला लागूनच फळीवर नांदुरकी.

"ही शेवटी नेऊ," हर्षल म्हणाला. "खोकं आणलंय." आणि त्याने कुंडी दोन्ही हातांनी धरून उचलली.

कुंडी उठली नाही.

त्याने पुन्हा जोर लावला. कुंडी बोटभर वर आली आणि रबर ताणल्यासारखी परत खाली ओढली गेली.

"मावशी, ही फळीला ठोकलीय का?"

"नाही रे. कोण ठोकणार?"

त्याने वाकून कुंडी एका बाजूने कलती केली आणि खाली बघितलं. मग तो खाली बसून फळीमागे डोकावला.

"काय रे?" गोदाताईने विचारलं.

"आई, हिला मूळ फुटलंय. खालून."

तळाच्या भोकातून पेन्सिलीएवढं जाड, तपकिरी मूळ बाहेर आलं होतं. ते फळी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत उतरलं होतं. हर्षलने फळी पुढे ओढली. मूळ भिंतीला चिकटून हातभर आडवं गेलं होतं आणि कूलरच्या पत्र्याला जिथे सांधा होता तिथून आत शिरलं होतं. त्याने कूलर बंद केला. शरयूने बाजूची ताटी धरून ओढली. एरवी ती एका झटक्यात निघायची. आज आतून काहीतरी तिला धरून होतं. दोघांनी मिळून ती कशीबशी बाजूला केली.

गवताच्या काड्यांमध्ये मुळांचं जाळं विणलं गेलं होतं. आणि टाकीत, पाण्यावर, बाईने केस मोकळे सोडावेत तसा पांढुरक्या तंतुमुळांचा झुबका तरंगत होता.

शरयूने पाण्यात हात घातला. मुळं गार होती आणि तिच्या बोटांभोवती हलकेच फिरली. तिच्या मनात काहीतरी उजाडायला लागलं होतं, पण तिची त्यावर विश्वास ठेवायची छाती होईना.

"हर्षल," ती म्हणाली, "सोबतवाल्यांना फोन लाव. त्यांच्याकडे झाडांचं कळणारं कोणी आहे का विचार."

होतं. तासाभराने फोनच्या पडद्यावर मनाली उईके नावाची बाई आली. वनस्पतिशास्त्रज्ञ होती, कुंडीतल्या त्या काडीचं गणित तिच्याच गटाने बसवलं होतं. हर्षलने फोन फिरवून तिला आधी कुंडी दाखवली, मग फट, मग टाकी. ती दोनदा म्हणाली, "थांबा, परत दाखवा." मग तिने शरयूच्या घरातली ओलीची नोंद उघडली आणि बराच वेळ बघत राहिली.

"शरयूताई, कूलर कधी सुरू केला यंदा?"

"होळी झाल्यावर."

"आणि हा प्रकार?"

"त्यानंतर थोड्याच दिवसांनी," शरयू म्हणाली.

मनालीने मग समजावून सांगितलं. झाड दिवसभर पानांतून पाणी हवेत सोडत असतं. वरून पाणी गेलं की खोडात ओढ तयार होते आणि त्या ओढीने मुळं खालचं पाणी वर खेचतात. रात्री पानांवरची बारीक भोकं मिटतात आणि ओढ थांबते. पण मुळं तर एकमेकांना जोडलेलीच असतात, एकाच टाकीला जोडलेल्या नळ्यांसारखी. त्यातली काही ओल्या जागी असली आणि काही सुकलेल्या मातीत, तर रात्रभर पाणी ओल्याकडून सुक्याकडे सरकतं आणि सुक्या मुळांतून बाहेर, मातीत झिरपतं. वाळवंटातली खोल मुळांची झाडं हे करतात. खालचं पाणी वर आणून ठेवतात.

"कुंडीत माती ती केवढी," ती म्हणाली. "पहाटेपर्यंत तेवढी भिजते. एकदा माती भिजली की पुढची रात्र ती ओलीच असते, म्हणून झाड काही करत नाही. दुसऱ्या रात्री ती सुकते, आणि तेव्हा ते कूलरमधून आणतं. म्हणून हे दिवसाआड."

"म्हणजे मी उठत नव्हते," शरयू म्हणाली.

"मला तसं वाटतं. हाताने घातलेल्या पाण्याची रेघ पायरीसारखी एकदम उभी चढते. तुमच्या पहाटेच्या रेघा उतारासारख्या आहेत, तासन्‌तास हळूहळू चढलेल्या. आम्ही नुसतं ओल वाढली एवढंच बघत होतो, कशी वाढली ते बघितलंच नाही. पण वाटतं एवढ्यावर मला तुम्हाला सोडायचं नाहीये. टाकी रिकामी करा. ताट्या वाळू द्या. मुळाला हात लावू नका. परवा सकाळी बघू."

त्या दोन रात्री कूलरशिवाय काढणं म्हणजे काय, हे नागपूरकरांनाच कळेल. हर्षल वर्तमानपत्राने आईला वारा घालता घालता स्वतः घामाने निथळत होता. पुण्याच्या निवासाला त्याने दोन दिवस उशीर होईल असं कळवलं होतं. बांधाबांध केलेल्या बॅगा भिंतीशी तशाच उभ्या होत्या. मनालीचं म्हणणं खरं नाही निघालं तर, ही भीती तिघांच्याही मनात होती.

सोमवारी सकाळी शरयू उठली तेव्हा गोदाताई आणि हर्षल आधीच हॉलमध्ये येऊन बसले होते. ती खिडकीशी गेली. सोबत काही बोलली नाही. शरयूने बोट मातीत घातलं. वरचा थर भुसभुशीत होता. तिने आणखी खाली रेटलं. तिथेही कोरडं. बोट बाहेर काढलं तेव्हा त्याला चिकटलेली माती फुंकरीने उडाली.

"शरू?" गोदाताईने विचारलं.

"कोरडी आहे," शरयू म्हणाली. "ताई, कोरडी आहे गं. ठणठणीत कोरडी."

आणि तेव्हाच सोबत तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आज झाडाला पाणी द्यायचं आहे."

शरयू फळीचा आधार घेऊन खाली बसली. हर्षल धावला, पण तिला काही झालं नव्हतं. ती रडत होती आणि मधेच हसत होती, आणि तिला दोन्ही थांबवता येत नव्हतं. गोदाताईने हात पुढे करून तिचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "मी सांगत होते ना," असं ती म्हणाली नाही. आयुष्यात तिने असं म्हणायची संधी सोडल्याची ही पहिलीच वेळ असावी.

"तू म्हणत होतीस ते मी ऐकलं नाही," शरयूनेच मग म्हटलं.

"तुझं तरी तू कुठे ऐकलंस," गोदाताई म्हणाली.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. मनालीने कंपनीतल्या लोकांना बसवून सगळ्या घरांतल्या नोंदी पुन्हा तपासायला घेतल्या. उतारासारख्या चढणाऱ्या रेघा आणखी काही घरांत सापडल्या. कुठे कुंडीचं मूळ मोरीच्या नळात गेलं होतं, कुठे गळक्या भिंतीत. अमरावतीच्या एका गृहस्थांनी अशाच पिवळ्या दिव्यापायी सायकल चालवणं सोडलं होतं. त्यांना पत्र गेलं. सगळ्यांचंच तसं नव्हतं. काहींच्या रेघा पायरीसारख्याच होत्या आणि त्यांचे दिवे पिवळेच राहिले. शरयूचा हिरवा झाला. हर्षलने तिचं बोट पेटीवर पुन्हा चढवलं. पेटी बारीक आवाज करून उघडली तेव्हा तिने पेनवरचा आकडा नीट वाचला, मोठ्याने म्हटला आणि मग सुई लावली. गोदाताईने "लागली नाही" असं म्हटलं. लागली असती तरी तिने तेच म्हटलं असतं.

डॉक्टर रुबीनांना शरयूने स्वतः फोन केला. त्यांनाही हायसं वाटलं. तरी त्या म्हणाल्या, "तो निकाल सीमेवरचाच आहे. पूर्ण झोपा, मग परत परीक्षा देऊ. बहुतेक छानच येईल. पण वर्षातून एकदा येत जा." शरयूने हो म्हटलं. आळ गेला होता, वय थोडंच गेलं होतं? म्हणून तिने ठरवलं, सकाळचं इंजेक्शन आपण द्यायचं आणि संध्याकाळी त्या मुलीला येऊ द्यायचं. ती येते तेव्हा चहा एकत्र घ्यायचा. हर्षलने दर महिन्याला एकदा यायचं कबूल केलं. या वेळी गोदाताईला विचारून सगळं ठरलं.

मूळ कापावं लागणार होतं, नाहीतर कुंडी फुटली असती. कापण्याआधी गोदाताईने ते हाताने चाचपलं, तळाच्या भोकापासून फटीपर्यंत आणि फटीपासून टाकीपर्यंत. हर्षल तिला धरून एकेक पाऊल नेत होता.

"एवढी वीस वर्षं मी हिला धाकात ठेवली," ती म्हणाली, "आणि ही माझ्या नाकाखालून घराबाहेर पडली."

मग तिने एका जागी बोट टेकलं. "इथे काप, शरू. तिरकं." शरयूने कापलं. पांढरा चीक आला, तो तिने ओल्या फडक्याने पुसला. आणि तळातून थेंब येईपर्यंत झाडाला पाणी घातलं.

हर्षलने बॅगा रिकाम्या केल्या, कपडे चुकीच्या कप्प्यांत भरले. ताट्या नव्या बसवल्या, टाकी भरली आणि कूलर लावला. घरघर सुरू झाली तशी गार हवेची पहिली झुळूक हॉलभर पसरली. शरयू "जरा टेकते" म्हणून दिवाणावर आडवी झाली. हर्षल पाण्याचा तांब्या घेऊन आला तोवर तिला गाढ झोप लागलेली होती. एक हात दिवाणाच्या कडेवरून मोकळा लोंबत होता.

"आई, मावशी जेवली नाहीये. उठवू का?"

"खबरदार," गोदाताई हळू आवाजात म्हणाली. "किती दिवसांची झोप राहिलीय तिची. चहाचं बघ तू. आणि भांड्यांचा आवाज करू नको, तुला सवय आहे."

आईची खुर्ची दिवाणाशी सरकवून तो स्वयंपाकघरात गेला. गोदाताई बहिणीचा संथ श्वास ऐकत राहिली. शरयूला जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि चहा दोनदा होऊन गेला होता. ती उठून बसली, केस सारखे केले, आणि किती वाजले किंवा मी कुठे गेले होते का, असं काही न विचारता म्हणाली, "भूक लागलीय."